लाकडी शेडमधला विस्तव

इंग्लंडमध्ये घरामागच्या बागेत लाकडी शेड असणे ही रोजची गोष्ट आहे. फळ्यांच्या भिंती, फळ्यांचीच जमीन आणि वर डांबरी कागद ठोकलेले छप्पर असलेली ही खोली मुळात फावडी, कुदळी आणि गवत कापायचे यंत्र ठेवायला बांधलेली असते. पुढे कोणी तिथे सुतारकाम मांडतो, कोणी रोपे वाढवतो, कोणी लिहायचे टेबल हलवतो. ऑक्टोबर सरत आला की बोटे आखडू लागतात आणि कोपऱ्यात छोटा बिडाचा स्टोव्ह बसवून सरपण जाळावे असे वाटू लागते. ही इच्छा गैर नाही. पण घरातला स्टोव्ह विटांच्या धुराड्यात बसतो, तर शेडमधल्या स्टोव्हच्या चारही बाजूंना, पायाखाली आणि डोक्यावर जळाऊ लाकूडच असते. सगळा विचार इथून सुरू करावा लागतो.

या विषयावर दोन मते कायम समोरासमोर येतात. एक असते शेडमालकाचे. हाताने काम करायची सवय असलेला हा माणूस स्टोव्हही स्वतःच बसवू पाहतो. दुसरे असते फिटरचे, म्हणजे स्टोव्ह आणि चिमण्या बसवणे हाच ज्याचा धंदा आहे त्याचे. खालच्या संवादातली शेड तीन मीटर लांब, २.४ मीटर रुंद आणि सरासरी २.२ मीटर उंच धरली आहे, आणि तिचा मालक फावल्या वेळात सुतारकाम करणारा आहे.

वादाला तोंड फुटते ते नियमांवरून.

"माझी शेड साडेसात चौरस मीटरचीसुद्धा नाही," मालक म्हणतो. "पंधरा चौरस मीटरपर्यंतच्या सुट्या बांधकामाला, झोपायची सोय नसेल तर, बांधकामाचे नियम लागत नाहीत. मग घराला लावता तेच माप मला का लावताय?"

"सूट तुम्हाला आहे, मान्य," फिटर म्हणतो. "पण घरासाठी जी अंतरं ठरवली आहेत ती लाकूड किती उष्णतेला पेटतं यावरून ठरवली आहेत. तुमच्या शेडमधलं लाकूड काही वेगळं नाही. उलट घरात भिंतीपासून जळण्याजोगी वस्तू लांब ठेवता येते, इथे भिंतच जळण्याजोगी."

मालकाने सांगितलेली सूट खरी आहे. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत अशा छोट्या सुट्या इमारती वगळलेल्या आहेत. घरात मात्र स्टोव्ह बसवायचा तर हेटाससारख्या योजनेत नोंदलेला फिटर तरी लागतो, नाहीतर स्थानिक परिषदेला आधी कळवावे लागते. तरी सूट मिळालेल्या शेडसाठीही मोजमापांचा आधार एकच राहतो: ज्वलन-उपकरणांविषयीचा 'मंजूर दस्तऐवज जे' आणि स्टोव्हसोबत येणारी उत्पादकाची पुस्तिका. दोहोंत फरक आढळला तर जास्त कडक अंतर घ्यावे. विमा कंपनीला आधी कळवणेही टाळू नये. शेडमधला स्टोव्ह तिला ठाऊकच नसेल, तर शेडच्या आगीपासून कुंपणापलीकडे पसरलेल्या नुकसानीपर्यंत सगळाच दावा अडचणीत येऊ शकतो.

एका कायद्यातून मात्र शेडची सुटका नाही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस विषारी धुके बसून राहिले, आणि त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. धूर-नियंत्रण क्षेत्रे त्यातूनच निर्माण झाली. लंडनचा बराचसा भाग आणि इतर अनेक शहरे आज या क्षेत्रांत मोडतात. तिथे लाकूड जाळायचे तर त्यासाठी मान्यता मिळालेलाच स्टोव्ह लागतो. चिमणीतून धूर निघताना आढळला तर इंग्लंडमध्ये १७५ ते ३०० पौंडांचा दंड होऊ शकतो. म्हणून स्टोव्ह पाहायला जाण्याआधी आपला पत्ता अशा क्षेत्रात येतो का, हे परिषदेकडून विचारून घ्यावे.

दुसरा खटका स्टोव्हच्या आकारावरून उडतो. मालकाला ओळखीतून आठ किलोवॉटचा जुना स्टोव्ह फुकटात मिळतो आहे.

"मोठा असला म्हणून काय बिघडलं? कमी लाकूड घालीन, हवेची झडप अर्धी लावीन."

"तिथेच सगळं बिघडतं. झडप लावली की आग गुदमरते. लाकूड नीट जळत नाही, धूर होतो, आणि तो धूर चिमणीत डांबर होऊन बसतो. झडप उघडी ठेवलीत तर पाच मिनिटांत तुम्ही दार उघडून बाहेर उभे."

हिशेब सरळ आहे. साधारण चौदा घनमीटर जागेला एक किलोवॉट, हा या धंद्यातला ढोबळ ठोकताळा. ही शेड जेमतेम सोळा घनमीटरची आहे. भिंती आणि छपरात उष्णतारोधक भरले असेल तर दीड किलोवॉटही पुरेल, पण फळ्यांच्या फटींतून वारा येत असेल तर आठ किलोवॉटही पुरणार नाहीत. म्हणून पहिला खर्च स्टोव्हवर न करता भिंतींवर करावा. तिथे फोमच्या पाट्यांऐवजी खनिज लोकर भरावी, कारण लोकर जळत नाही. त्यानंतर बाजारात मिळणारा सर्वांत लहान, म्हणजे दोन ते चार किलोवॉटचा स्टोव्ह घ्यावा. फुकटातल्या जुन्या स्टोव्हला आणखी एक अडचण आहे: त्याची पुस्तिका सहसा हरवलेली असते, आणि पुस्तिका नाही म्हणजे लाकडापासून किती अंतर ठेवायचे याला काही आधार उरत नाही.

मालक इथे एक रास्त प्रश्न विचारतो. दीड किलोवॉटच पुरत असेल तर विजेचा साधा हीटर का नको? फिटरकडे याला तोडीस तोड उत्तर नाही, आणि असायचे कारणही नाही. शेडमध्ये वीज असेल आणि आठवड्यातून दोन-तीन तासच बसायचे असेल, तर हीटर स्वस्त पडतो, धूर करत नाही आणि छपराला भोकही पाडावे लागत नाही. स्टोव्ह शोभतो तो रोज तासन्तास काम करणाऱ्याला आणि ज्याच्याकडे वाळलेले लाकूड आहे त्याला.

जागा ठरवताना पहिली अट दाराची. स्टोव्ह कामाचा ओटा आणि दार यांच्या मध्ये कधीही येऊ नये. आग लागली तर माणसाला ती ओलांडून बाहेर पडावे लागेल. दार बाहेर उघडणारे असावे आणि त्याला बाहेरून कडी-कुलूप पडून माणूस आत अडकणार नाही, असे पाहावे.

स्टोव्हखालचे तळ न जळणारे हवे. स्टोव्ह आपल्या तळाला १०० अंश सेल्सियसच्या वर तापवत नाही असे उत्पादकाने चाचणीने सिद्ध केले असेल, तर किमान १२ मिलिमीटर जाडीचा न जळणारा थर चालतो. तसे नसेल तर १२५ मिलिमीटरचे भरीव तळ लागते, आणि ते फळ्यांच्या जमिनीवर करणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून शेडसाठी पहिल्या प्रकारचाच स्टोव्ह निवडावा. हे तळ स्टोव्हच्या दाराच्या बाजूला किमान २२५ मिलिमीटर पुढे यावे आणि स्टोव्हचे दार उघडे ठेवून आग पाहायची असेल तर ३०० मिलिमीटर. दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटर सोडावे. निखारा उडतो तो पुढेच. शिवाय बिडाचा छोटा स्टोव्हही चांगला जड असतो, तेव्हा त्याच्या जागी जमिनीखालच्या तुळया आधी तपासून घ्याव्यात.

भिंतीच्या बाबतीत मालकाची कल्पना अशी असते की फळ्यांवर फरशा चिकटवल्या की काम झाले. ही समजूत घातक आहे. फरशी जळत नाही, पण उष्णता मागे जाऊ देते, आणि मागची फळी दिसेनाशी होते एवढाच फरक पडतो. खरी ढाल करायची तर सिमेंटचा किंवा कॅल्शियम सिलिकेटचा न जळणारा पत्रा भिंतीपासून २५ मिलिमीटर पुढे, धातूच्या आधारावर बसवावा आणि खालून-वरून उघडा ठेवावा. मग मागची हवा तापून वर जाते आणि खालून थंड हवा येत राहते. आधारासाठी लाकडी पट्ट्या ठोकल्या तर ढालीचा उपयोगच संपतो.

यानंतर येते चिमणी. खरे जोखमीचे काम इथेच आहे आणि सर्वाधिक चुकाही इथेच होतात.

"स्टोव्हची आग तर बिडाच्या पेटीत बंद असते," मालक म्हणतो. "नळी छपरातून नेली, भोवतीने सिमेंट लिंपलं की झालं. पावसाचं पाणी गळणार नाही एवढं पाहीन."

"पाण्याची काळजी कराच. पण छपरातल्या त्या भोकाभोवतीचा वासा रोज तापणार, त्याची आधी करा. पहिल्या वर्षी काही दिसत नाही. लाकूड तापून तापून कोरडं होतं, तपकिरी पडतं, मग काळं. असं लाकूड नव्या लाकडापेक्षा लवकर पेटतं."

साधे लाकूड साधारण २५० ते ३०० अंशांच्या आसपास पेट घेते. तेच लाकूड महिनोन्महिने तापत राहिले तर त्याचा पोत कोळशाकडे झुकतो आणि ते त्याहून कमी उष्णतेलाही धुमसू लागते. शेड दोन हिवाळे सुखरूप राहिली, हा मालकाचा नेहमीचा दाखला म्हणून पुरावा ठरत नाही. त्यात भर पडते चिमणीतल्या काजळीची. ती पेटली तर नळीच्या आत हजार अंशांपर्यंत उष्णता जाऊ शकते, आणि काजळीच्या आगीला टिकणाऱ्या चिमणीची चाचणी याच तापमानाला घेतात.

म्हणून दोन प्रकारच्या नळ्यांचे काम वेगळे ठेवावे. स्टोव्हच्या डोक्यावर बसते ती एकपदरी काळी नळी. तिला उघड्या लाकडापासून तिच्या व्यासाच्या तिप्पट अंतर लागते: १२५ मिलिमीटरच्या नळीला ३७५, १५० च्या नळीला ४५०. मध्ये न जळणारी ढाल असेल तर हे अंतर दीडपटीवर येते. एकपदरी नळी कधीही छपरातून, माळ्यातून किंवा भिंतीतून जाऊ द्यायची नाही. १२५ ची नळी असेल तर छपराच्या लाकडाच्या ३७५ मिलिमीटर खालीच ती थांबते आणि तिथून दुपदरी, मध्ये रोधक भरलेली चिमणी सुरू होते. या चिमणीच्या लेबलवर अक्षरे-आकड्यांची एक ओळ असते. तिच्यातला 'जी' आणि पुढचा आकडा नीट वाचावा. 'जी ५०' म्हणजे काजळीची आग सोसू शकणारी चिमणी, जळाऊ वस्तूंपासून ५० मिलिमीटर दूर ठेवायची.

आता छपरातल्या भोकाचे माप काढता येते. आतून १२५ मिलिमीटर असलेली दुपदरी चिमणी बाहेरून साधारण १७५ भरते. दोन्ही बाजूंना ५० सोडले तर लाकडी चौकट किमान २७५ मिलिमीटर रुंद हवी. जुन्या शेडमध्ये दोन वाशांमध्ये ही जागा नेमकी हव्या त्या ठिकाणी मिळेलच असे नाही. अशा वेळी वासा कापून आडव्या तुकड्यांनी नवी चौकट बांधावी लागते, आणि हे काम सुतार असलेला मालक फिटरपेक्षा चांगले करू शकतो. चौकट आणि चिमणीच्या मधली ५० मिलिमीटरची पोकळी रिकामीच राहिली पाहिजे. थंडी येते म्हणून तिथे लोकर कोंबायचा मोह होतो, पण लोकर कोंबली की उष्णता अडकून लाकडाकडे वळते. खालून धातूची आगरोधक पट्टी आणि वरून उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनची झालर, एवढेच तिथे लावायचे. छपरावरचा डांबरी कागदही पोकळीच्या कडेपर्यंत मागे कापावा.

छपराला हात न लावता चिमणी भिंतीतून बाहेर काढून वर नेण्याचा पर्याय मालक सुचवतो, तो वेडगळ नाही. स्टोव्हला मागून तोंड असेल तर चालतो. पण आडवा भाग १५० मिलिमीटरपेक्षा लांब नसावा, कारण आडव्या नळीत काजळी साठते. भिंतीतली पोकळीही छपराइतकीच सोडावी लागते. शक्य असेल तिथे सरळ वर जाणारी चिमणीच घ्यावी. तिची ओढ चांगली असते आणि साफ करायलाही ती सोपी जाते.

उंचीवरून दोघांचे जमत नाही. मालकाला कुंपणापलीकडून दिसणार नाही अशी ठेंगणी चिमणी हवी आहे. घरांसाठीच्या हिशेबात साधारण ४.५ मीटर उंची पुरेशी ओढ देते असे धरतात, आणि चिमणी आढ्यापाशी असेल तर तोंड आढ्याच्या किमान ६०० मिलिमीटर वर यावे लागते. छोट्या स्टोव्हांचे काही उत्पादक यापेक्षा कमी उंचीला मान्यता देतात. पुस्तिकेत तसे लिहिले असेल तरच कमी करावे. ठेंगण्या चिमणीला ओढ लागत नाही. मग दार उघडताच धूर खोलीत येतो, आणि चिमणीतून निघालेला धूर शेजाऱ्याच्या खिडकीच्याच उंचीवर रेंगाळतो. छपराच्या वर उंच उभी राहणारी चिमणी वाऱ्यात डोलू नये म्हणून तिला उत्पादकाने सांगितलेल्या उंचीनंतर आधाराच्या दांड्या लावाव्यात.

हवेच्या प्रश्नावर मालक गावची आठवण काढतो.

"आमच्या कोकणातल्या घरात चूल पहाटेपासून पेटलेली असायची. ना चिमणी, ना अलार्म. कोणाला काही झालं नाही."

"कौलांच्या फटींतून धूर निघून जायचा हो. आणि काही झालं नाही असं कसं म्हणता? चुलीसमोर बसणाऱ्या बायकांचे डोळे आणि छाती आठवा. तुमची ही शेड तर तुम्ही आता लोकर भरून, फटी बुजवून पक्की करताय. हवा येणार कुठून?"

फिटरचे हे म्हणणे पूर्ण खरे आहे. एक किलो लाकूड नीट जळायला दहा घनमीटरच्या आसपास हवा लागते, आणि या शेडमधली सगळी हवा सोळा घनमीटर. हवाबंद बांधणीच्या खोलीसाठी दर किलोवॉटला ५५० चौरस मिलिमीटर कायम उघडी जाळी, असे माप आहे. तीन किलोवॉटच्या स्टोव्हला ते १,६५० चौरस मिलिमीटर होते, म्हणजे साधारण ४६ मिलिमीटर व्यासाचे एक भोक. ही जाळी बंद करता येणारी नसावी. गार वारा पायावर येतो ही मालकाची तक्रार रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय आहे: काही स्टोव्हना बाहेरची हवा नळीने थेट आत घेता येते. सुतारकामाच्या शेडमध्ये मात्र आणखी एक धोका असतो. भुसा ओढून बाहेर फेकणारा पंखा सुरू केला की तो खोलीतली हवा उपसतो, आणि ती भरून काढायला चिमणीतला वायू उलटा खाली येतो. स्टोव्ह पेटता असताना असा पंखा लावू नये.

उलट्या आलेल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. ज्वाला विझून निखारे उरले की धूर दिसत नाही, पण हा वायू निखाऱ्यांतून येतच राहतो. म्हणून अलार्म हवाच, युरोपीय मानक ईएन ५०२९१ चा. तो स्टोव्हपासून आडव्या अंतराने एक ते तीन मीटरवर असावा. छतावर लावला तर भिंतीपासून ३०० मिलिमीटर दूर, भिंतीवर लावला तर दार-खिडक्यांच्या वर पण छतापासून किमान १५० खाली. हवेच्या दशलक्ष भागांत ३०० भाग वायू झाला तर हा अलार्म तीन मिनिटांच्या आत वाजतो. ५० भागांना मात्र तो तास-दीड तासाने वाजतो. म्हणून डोके जड झाले, मळमळले तर अलार्मची वाट न पाहता बाहेर पडावे.

"रात्री उशीर झाला तर तिथेच आडवं व्हायचा विचार होता," मालक म्हणतो.

"ते नाही. त्यावर माझ्याकडून सवलत नाही. शेडला जी सूट आहे तीसुद्धा झोपायची सोय नाही या अटीवरच आहे. आणि झोपलेला माणूस अलार्म ऐकतोच असं नाही."

सरपणाच्या बाबतीत दोघांचे लवकर जुळते. लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल नसावी. मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये दोन घनमीटरपेक्षा कमी सरपण विकताना हीच मर्यादा आहे. ओल मोजायची तर ओंडका फोडून नव्या पृष्ठभागावर मोजावी, कारण बाहेरून वाळलेला ओंडका आतून ओला निघतो. अशा वाळलेल्या किलोभर लाकडात साधारण चार युनिट ऊर्जा असते, तेव्हा तीन किलोवॉटच्या स्टोव्हला तासाला किलोभर लाकूड पुरते.

अडचण सुताराच्या स्वतःच्या ढिगाची आहे. कामातून उरलेले प्लायवूडचे, एमडीएफचे, रंगवलेले आणि कीड लागू नये म्हणून रसायन मुरवलेले तुकडे स्टोव्हमध्ये घालायला हात शिवशिवतो. त्यातले एकही घालू नये, कारण डिंक, रंग आणि तांब्याची संयुगे जळून विषारी धूर होतो आणि राखही विषारी होते. साध्या पाइनच्या ढलप्या पेटवणासाठी चालतात. बारीक भुसा मुठीने आगीवर टाकू नये, तो भपकन पेटतो. पेट्रोलचा डबा, थिनर आणि गॅसची नळकांडी यांना या शेडमध्ये जागाच नको. जवसाच्या तेलाने पुसलेली फडकी गोळा करून ठेवली तर स्टोव्ह न पेटवताही आपोआप तापून पेटतात. ती बाहेर उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकावीत.

स्टोव्ह बसवून झाल्यावर आधी धुराची चाचणी घ्यावी आणि जोडांमधून धूर झिरपत नाही ना ते पाहावे. पहिले दोन-तीन विस्तव लहान ठेवावेत आणि शेडचे दार उघडे असावे, कारण नवा रंग तापून वास येतो. एकपदरी नळीवर चुंबकाने चिकटणारा तापमापक लावावा. काटा सुमारे ११५ ते २४५ अंशांच्या मध्ये राहिला तर आग ठीक चालली आहे. त्याखाली राहिला तर डांबर साठते, वर गेला तर नळी आणि स्टोव्ह दोन्ही झिजतात. चिमणी वर्षातून किमान एकदा, लाकूडच जाळत असल्यास शक्यतो दोनदा साफ करून घ्यावी. त्याच वेळी छपराखालची आगरोधक पट्टी काढून चौकटीच्या लाकडाचा रंग पाहावा. ते तपकिरी पडू लागले असेल तर स्टोव्ह बंद करून अंतर पुन्हा मोजावे. राख झाकणाच्या धातूच्या बादलीत, शेडच्या बाहेर, दगडावर किंवा मातीवर ठेवावी. राखेखाली दडलेला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो.